जीबी रोडवरचा शोमरोनी

ठाण्यात कापूरबावडीचा चौक मागे पडला की घोडबंदर रोडवर, म्हणजे जीबी रोडवर, जो तो एकाच घाईत असतो. समोरच्या कंटेनरच्या आधी निसटायचं. उरणच्या बंदरातला माल गुजरातच्या दिशेने निघतो तो याच रस्त्याने, आणि वाघबीळ-कासारवडवलीच्या टॉवरमधून ऑफिसला निघालेला नोकरदारही याच रस्त्याने. माजिवड्यापासून काशीमिऱ्याच्या फाउंटन हॉटेलपर्यंत वीसेक किलोमीटर. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, डोक्यावर मेट्रोचा पूल आणि चाकाखाली, पावसाळा असला तर, खड्डे. गायमुखच्या घाटात एक ट्रक बंद पडला की त्या दिवशीच्या सगळ्या मीटिंगा आणि मुलांच्या शाळेच्या वेळा कोलमडल्याच म्हणून समजायचं.

येशूने सांगितलेली सर्वांत गाजलेली गोष्ट अशाच एका रस्त्यावर घडते. यरुशलेमहून यरीहोला जाणारी ती वाट पंचवीस-तीस किलोमीटरांची, हजारेक मीटर खाली उतरणारी, वळणावळणाची आणि लुटारूंची. एका वाटसरूला त्यांनी गाठलं, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतले आणि अर्धमेला करून टाकून दिलं. मंदिरातला याजक त्या वाटेने आला. पाहिलं, आणि पलीकडच्या कडेने निघून गेला. मग लेवी आला, म्हणजे तोही मंदिराच्या सेवेतलाच. त्यानेही तेच केलं. तिसरा आला तो शोमरोनी. यहुदी ज्याच्या भांड्यातलं पाणी पीत नसत, त्या जातीचा. तो थांबला.

पुढे त्याने काय काय केलं याची लूकच्या शुभवर्तमानातली यादी बारकाईने वाचण्यासारखी आहे. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. पट्ट्या बांधल्या. जखमीला आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे बहुधा स्वतः पायी चालला. उतारशाळेत नेलं, रात्रभर शुश्रूषा केली. सकाळी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले, तेव्हाच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर सांगितलं की आणखी खर्च झाला तर परत येताना देईन. दया आली हे एका शब्दात उरकलेलं आहे. बाकी सगळा वेळेचा आणि पैशाचा हिशेब आहे. चर्चमध्ये या गोष्टीवर प्रवचन होतं तेव्हा बहुतेक वेळा दयेवर होतं. हिशेबावर क्वचितच.

घोडबंदरच्या रस्त्यावर नेमका हिशेबच आड येतो. समजा, जुलैतली संध्याकाळ आहे. घाटाच्या उतारावर खड्डा चुकवताना एक मोटारसायकल घसरते. पोराच्या गुडघ्यातून रक्त, हेल्मेट कुठेतरी डिव्हायडरपाशी, मागून कंटेनरचे हॉर्न. चार गाड्या वेग कमी करतात, दोन मोबाइल वर उठतात. एक रिक्षावाला रिक्षा आडवी घालतो, झाडाची तुटकी फांदी रस्त्यात टाकतो म्हणजे मागच्यांना लांबून दिसेल, आणि पोराला काखेत हात घालून उचलतो. त्याच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं असेल? सीटवर रक्त लागणार, ते धुवायला अर्धा तास. शिफ्ट संपायच्या आत मालकाचं भाडं निघायचंय. आणि सगळ्यांत मोठी धास्ती: पोलीस विचारणार, तूच उडवलंस का?

ही धास्ती खोटी नव्हती. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात पोचवणाऱ्यालाच तासन्‌तास बसवून ठेवायचे, नाव-पत्ता घ्यायचे, नंतर साक्षीसाठी कोर्टाच्या खेपा. २००७ साली एका शाळकरी मुलाचा अपघात झाला. तो रस्त्यावर पडून राहिला, मदत मिळाली नाही आणि तो गेला. त्याचा नातेवाईक पीयूष तिवारी यांनी पुढच्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन काढलं आणि हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. मार्च २०१६ मध्ये न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. त्या कलमात मदत करणाऱ्याला जे नाव दिलंय ते थेट लूकच्या पानावरून उचललेलं आहे: गुड समॅरिटन, म्हणजे चांगला शोमरोनी. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही. २०२१ पासून त्याला ५,००० रुपयांचं बक्षीसही ठेवलं गेलं, २०२५ मध्ये ते २५,००० झालं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीतला परका माणूस भारताच्या कायद्यात येऊन बसावा, याचं अप्रूप वाटायला हरकत नाही. मात्र सीट धुवायचा अर्धा तास कायद्याला परत देता येत नाही, आणि शोमरोन्याचा अर्धा दिवसही त्याला कुणी भरून दिला नव्हता.

साक्षीला जाण्याची किंमत या खाडीकाठाने फार आधी पाहिली आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्याला लागले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रिअस. जायचं होतं दक्षिणेला कोल्लमला. वाऱ्यापावसाने जहाज इकडे आणलं. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन पंथाची ख्रिस्ती कुटुंबं होती. त्यांतल्या एका घराने या अनोळखी पाहुण्यांना जागा दिली. त्याच घरात नवऱ्याने बायकोला मारहाण केली, ती काझीकडे दाद मागायला गेली आणि पाहुण्यांनी पाहिलंय असं तिने सांगितलं. साक्षीला बोलावलेले संन्यासी धर्मावरच्या वादात ओढले गेले आणि त्यांना प्राण गमवावे लागले. त्यांचा सोबती जॉर्डनस याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. थोड्याच काळाने आलेल्या ओदोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी थेट चीनला नेल्या. चर्चच्या इतिहासात ते ठाण्याचे हुतात्मे म्हणून नोंदले गेले. मार खाल्लेल्या त्या बाईचं पुढे काय झालं, हे मात्र लिहून ठेवावंसं फार कुणाला वाटलेलं दिसत नाही. येशूच्या शिकवणुकीचा माग काढायचा तर खरं म्हणजे तिच्यापासून सुरुवात करायला हवी.

दोनशे वर्षांनी पोर्तुगीज आले आणि धर्माबरोबर किल्लेही आले. घोडबंदरचा किल्ला त्यांचाच. ठाण्याचा किल्ला त्यांनी बांधायला घेतला, तो पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, आणि इंग्रजांनी पुढे त्याचा तुरुंग केला. आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह त्याच तटबंदीत आहे. शेवटच्या न्यायाच्या दिवसाचं येशूने जे चित्र रंगवलं, त्यात विचारले जाणारे प्रश्न साधे आहेत: भुकेल्याला जेवू घातलंस का, परक्याला घरात घेतलंस का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटायला गेलास का. ख्रिस्ती सत्तेने बांधलेल्या भिंतीआड आज कैदी आहेत आणि त्यांना भेटायला जाणं हेच ख्रिस्ती माणसाचं काम ठरतं. इतिहास कधी कधी असा चिमटा काढतो. प्रार्थना किती केल्या, उपास किती धरले हा प्रश्न येशूच्या त्या यादीत नाही.

पाण्याचा प्रश्नही आहे, आणि तो मराठी माणसाला जास्त जवळून कळावा. शोमरोनात भर दुपारी विहिरीवर आलेल्या बाईकडे येशू पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी असा शोमरोन्यांकडे पाणी मागत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्यात वाढलेल्या होत्या. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्या झाल्या नाहीत. पाच वर्षं लागली. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं ते हे, की बाप्तिस्मा नंतर आला आणि आधी सुटला तो विटाळ. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशी कडाकडा वाद घातला आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. पुढे दुष्काळातल्या पोरक्या मुलांना या दोघांनी घरात घेतलं, आणि स्वतःचीच ओढाताण असलेल्या त्या घरात ताटं वाढत गेली. टिळकांची कविता चर्चमध्ये गायली जाते ते योग्यच आहे. पण शिकवण जगली ती बाईंच्या स्वयंपाकघरात, असं म्हणावंसं वाटतं.

जीबी रोडवर पाणी टँकरने येतं. नळ आहेत, पण नवनव्या कॉम्प्लेक्सना त्यांचं पाणी पुरत नाही, आणि उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत पहिला विषय टँकरच्या बिलाचा असतो. खाडीपलीकडे वसईत हाच टँकर १९८०च्या दशकाच्या अखेरीस संघर्षाचं कारण झाला. बागायतीतल्या विहिरी उपसून पाणी शहराकडे जात होतं, विहिरी खारट होत होत्या, जमिनी बिल्डरांच्या घशात चालल्या होत्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. नंदाखालचा हा धर्मगुरू ‘सुवार्ता’ मासिकाचा संपादक, ‘सुबोध बायबल’चा कर्ता, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. पण आंदोलनाच्या काळात धमक्याही त्यालाच येत होत्या, आणि फादरांनी चर्चमध्ये मिस्सा सांगावी, मोर्चे कशाला काढावेत, असं म्हणणारे घरचेही होते. २५ जुलै २०२४ रोजी दिब्रिटो गेले. त्यांच्या भूमिकेचा मथितार्थ इतकाच होता की शेजाऱ्याची विहीर आटत असताना आपली वेदी सजवण्यात अर्थ नाही.

शेजारी म्हणजे कोण, हाच तर शोमरोन्याच्या गोष्टीचा मूळ प्रश्न. एका शास्त्र्याने स्वतःला नीतिमान ठरवण्यासाठी येशूला तो विचारला होता. चाळीस मजली टॉवरमध्ये त्याचं उत्तर लिफ्टमध्ये सापडतं. समोरच्या फ्लॅटची आडनावाची पाटी ठाऊक असते, माणूस नसतो. मात्र सकाळी सातला येऊन तीन घरची भांडी घासणारी बाई तिन्ही घरांचं दुखणंखुपणं ओळखून असते. ती पाड्यावरून चालत किंवा शेअर रिक्षाने आलेली असते, आणि कित्येक ठिकाणी तिला लिफ्ट वेगळी. सिस्टर जीन देवोस या बेल्जियमहून आलेल्या संन्यासिनीने १९८०च्या दशकात मुंबईत घरकामगार महिलांची राष्ट्रीय चळवळ उभी केली, ती अशाच बायकांसाठी: ठरलेला पगार, आठवड्याची सुट्टी, चोरीच्या खोट्या आळापासून संरक्षण. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. रविवारी मिस्सेला गेलेल्या कुटुंबाने कामवालीला रविवारची सुट्टी दिली आहे की नाही, हा प्रश्न धर्मगुरूने विचारला तर बाकांवर जरा चुळबुळ होईल.

चुळबूळ व्हावी अशी आणखीही एक गोष्ट आहे. मिस्सेच्या वेळी चर्चबाहेर सर्व्हिस रोडवर गाड्यांची दुहेरी रांग लागते आणि मागे अडकलेली रुग्णवाहिका सायरन वाजवत राहते. आत त्या वेळी कदाचित शोमरोन्याचाच पाठ चालू असेल.

तरी ठाण्याच्या ख्रिस्ती वस्त्यांत न बोलता चालणारी कामंही पुष्कळ आहेत. मासुंदा तलावाकाठच्या जुन्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चपासून जीबी रोडच्या पार वरच्या टोकापर्यंत मराठी, कोकणी, मल्याळी, तामिळ बोलणारी माणसं एका बाकावर बसतात. नाताळात करंज्या-दोदोलची ताटं जातात ती फक्त ख्रिस्ती घरांत जात नाहीत. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची पद्धत इथल्या धर्मग्रामांतही आहे. सभासद जोडीने गरजू घरी जायचे. किराणा, औषधं, मुलांची फी. कुणाला काय दिलं याची वाच्यता करायची नाही. एका हाताने दिलेलं दुसऱ्याला कळू नये ही येशूची ताकीद हिशेबाच्या वहीसकट पाळायची, म्हणजे वही असते, पण ती सभासदांबाहेर जात नाही. देणगीचा फोटो काढून टाकायच्या दिवसांत ही जरा जुनाटच रीत वाटते. जुनाट राहिलेली बरी.

शोमरोन्याच्या गोष्टीतल्या एका पात्राकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, ते म्हणजे उतारशाळेचा मालक. एका परक्याने आणलेला दुसरा परका त्याने ठेवून घेतला, दोन दिनारांवर आणि एका शब्दावर. आपल्याकडे त्याच्यासाठीही कायदा झाला. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघातग्रस्तावर उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजनाही आहे. तरीही कॅज्युअल्टीच्या खिडकीवर पहिला प्रश्न ठरलेला: पेशंटचे तुम्ही कोण?

घाटातून आलेला आपला रिक्षावाला म्हणेल, कोणी नाही, रस्त्यात पडला होता. खिडकीतली मुलगी ‘नाते’ हा रकाना मोकळा सोडून मोबाइल नंबर विचारील. तो देण्याची त्याच्यावर सक्ती नाही. तरी तो देईल, पोराच्या घरचे येईस्तोवर काही लागलं तर फोन करा म्हणेल, आणि रिक्षा धुवायला पाण्याचा नळ कुठे आहे ते वॉचमनला विचारील.