चहाने भाजलं

ओठावर ताप फुटला की आमच्या घरी ठरलेलं वाक्य असायचं, "उष्णता झालीय, तूप लाव." आजीचं मत वेगळं. तिच्या मते रात्री झोपेत कोळी मुतलेला असायचा. त्यामुळे पुण्यात नव्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ओठाच्या कडेला चुरचुर सुरू झाली, तेव्हा मी तूप लावलं आणि वर मास्क लावून ऑफिसला गेले.

मास्क संसर्गासाठी नव्हता, लाजेपोटी होता. 'हर्पिस' हा शब्द मी मीम्समध्येच वाचला होता आणि तिथे तो कसा येतो हे तुम्हालाही माहीत आहे.

पुढचं जरा किळसवाणं आहे. मीटिंग चालू असताना मास्कखाली बोट घालून मी त्या फोडांशी चाळा करायचे. खपलीची कड उचलायची, परत दाबायची. रात्री त्याच बोटांनी कॉन्टॅक्ट लेन्स काढायची. एकदा तर रिक्षात लेन्स निसटली, ती थुंकी लावून परत बसवली. (असं करणारी मी एकटीच नाही, उगाच नाही म्हणू नका.)

चौथ्या दिवशी डावा डोळा लालभडक. पाणी थांबेना, उजेड सोसवेना. रूममेटकडे तिच्या डोळ्यांचे जुने ड्रॉप्स पडले होते. ते दोनदा टाकले. दुसऱ्या सकाळी त्या डोळ्याने फोनवरची अक्षरं पुसट दिसायला लागली, तेव्हा मात्र घाबरले.

डॉक्टरबाईंनी मास्क काढायला लावला. "ओठावर काय झालंय?"

"चहाने भाजलं."

त्या काही बोलल्या नाहीत. डोळ्यात रंगाचा थेंब टाकला, निळा प्रकाश सोडला आणि फोटो दाखवला. बुबुळावर एक हिरवी, निष्पर्ण फांदी उमटली होती. "चहाने असं होत नाही," त्या म्हणाल्या.

मग बाटली बघितली. त्यात स्टेरॉइड होतं. हा विषाणू जागा असताना नुसतं स्टेरॉइड टाकलं तर जखम पसरते, खोल जाते, बुबुळावर कायमचा डाग राहू शकतो. मी दोनदाच टाकलं होतं म्हणून निभावलं.

बोटामुळेच झालं का, हे त्यांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. हा विषाणू एकदा शिरला की कानाजवळच्या मज्जातंतूच्या गाठीत दडून बसतो. त्या गाठीची एक शाखा ओठाकडे जाते, एक डोळ्याकडे. तो आतूनही आला असेल. बोटाने पसरण्याचा धोका पहिल्या लागणीच्या वेळी जास्त, कारण शरीरात प्रतिपिंडं तयार झालेली नसतात. नंतर कमी होतो, पण संपत नाही. डोळा, नखाजवळची चीर, एक्झिमाची त्वचा या त्याच्या आवडत्या जागा. मलम दिवसातून पाच वेळा, लेन्स कचऱ्यात, टॉवेल वेगळा. आणि फोडाला हात लागलाच तर साबणाने धुवायचा, एवढं साधं.

रात्री आईला फोन केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ ३८० कोटी लोकांमध्ये हा विषाणू होता, बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प.

"माझ्या ओठावर दर उन्हाळ्यात फुटायचं," ती म्हणाली. "तू मांडीवर असायचीस. मग माझ्याकडूनच आलं का गं?"

"नाही," मी म्हटलं, "आजीच्या कोळ्याकडून."