इतर (कृपया नमूद करा)

ऑनलाइन सर्व्हे भरताना तुम्ही कधी 'इतर' निवडलंय? यादीत अगदी तळाशी असतो हा पर्याय. फॉर्म बनवणाऱ्याच्या लेखी तो अडगळीचा माळा. कुठेच न बसणारं सगळं तिथे टाकायचं आणि नंतर कुणी वर चढून बघायचं नाही.

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे असले फॉर्म लोकांना नीट भरता येतील असे करणं. गेल्या वर्षी आमच्या छोट्याशा टीमकडे सर्वेक्षणाचं एक जुनं साधन नव्याने करायला आलं. एक संस्था ते वापरून गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या चाळींची माहिती गोळा करते. कार्यकर्ते फोन घेऊन घरोघरी जातात, आणि त्यातून निघालेल्या आकड्यांवर दुरुस्तीच्या, पाण्याच्या, पुनर्विकासाच्या बैठकांमध्ये चर्चा होते. म्हणजे फॉर्ममध्ये जे मावलं नाही, ते बैठकीतही नाही.

संस्थेचं म्हणणं होतं, फॉर्म फार लांब वाटतो, लोक कंटाळून अर्धवट सोडतात. बटणं मोठी करा, रंग बदला. आम्ही म्हटलं, आधी तुमच्या माणसांबरोबर हिंडू द्या. याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेलं एक सूत्र आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं : पाच माणसांना वापरताना नीट पाहिलं तरी बहुतेक अडचणी कळतात. आम्ही पाच कार्यकर्ते निवडले आणि त्यांच्यामागे जिने चढायला लागलो.

लालबागच्या एका चाळीत पासष्टीच्या पुढचे एक काका भेटले. प्रश्न होता, 'सध्याचा व्यवसाय'.

"लिहा, गिरणी कामगार."

"पण काका, गिरणी तर बंद झाली ना? मग 'निवृत्त' लिहू का?"

"निवृत्त कसा? संप मागे कधी घेतला सांग बघू?"

कार्यकर्ती माझ्याकडे बघायला लागली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप, अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा. अधिकृतपणे तो कधी मागे घेतला गेलाच नाही. काकांचा मुद्दा बिनतोड होता. पण फॉर्ममध्ये नोकरी, धंदा, निवृत्त, बेरोजगार एवढेच पर्याय, आणि लाल तारा असल्यामुळे काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जाता येईना. शेवटी 'बेरोजगार' झालं. काकांनी ते स्क्रीनवर वाचलं आणि पुढच्या प्रश्नांना नुसतं हो-नाही करत राहिले. लोक फॉर्म का सोडतात ते मला तिथे कळलं. लांबी हे कारण नव्हतंच.

गिरगावात दुसरी गंमत. 'घर स्वतःचं की भाड्याचं?' एक आजी म्हणाल्या, "स्वतःचंच की!" आतून मुलगा म्हणाला, "भाड्याचं लिहा, पावती येते." दोघंही बरोबर. हे पागडीचं घर. घेताना मोठी रक्कम मोजलेली, भाडं किरकोळ, पिढ्यान् पिढ्या ताबा, पण मालकी घरमालकाची. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने (लागू झाला ३१ मार्च २००० पासून) पागडीच्या व्यवहाराला मान्यताही दिली. फॉर्मला मात्र पागडी ठाऊकच नव्हती. आजींना 'भाडेकरू' म्हटलं की कागदावर त्या आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणारं जोडपं एकाच रकान्यात येतात. पुनर्विकासाच्या बैठकीत हा फरक किती महागात पडतो हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट कुणाच्या बोलण्यात आली नाही, ती बघताना दिसली. 'घरातल्या बाईचं स्वतःचं उत्पन्न' हा प्रश्न कार्यकर्ती मोठ्याने विचारायची, आणि खोलीत सासू, नवरा, दीर सगळे बसलेले. कामगार कुटुंबांच्या घरखर्चाचा अहवाल मुंबईच्या कामगार कार्यालयाने १९२३ साली छापला, त्यात ९७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत असल्याची नोंद आहे. शंभर वर्षांनंतर गिरण्यांच्या जागी टॉवर आले, पण आम्ही ज्या घरांत गेलो तिथे खोली अजून एकच होती. एका खोलीत खाजगी प्रश्न विचारायचा तरी कसा?

ऑफिसात परत आल्यावर खरी भांडणं सुरू झाली. आम्ही पागडीचा पर्याय हवा म्हणत होतो. आमच्यातल्या आकडेवारी बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "पर्याय बदललेत तर मागच्या वर्षांशी तुलना कशी करणार?" त्यांचंही खरं होतं. दोन आठवडे यावरच अडलो. वाट काढली ती डेव्हलपरने, जो स्वतः गिरगावातल्या चाळीत वाढला. तो म्हणाला, "आमच्याकडे कुणी मालकी विचारतच नाही. पावती कुणाच्या नावावर आहे, ते विचारतात."

मग आम्ही तेच केलं. पावती येते का, कुणाच्या नावावर, घर घेताना पागडी दिली होती का, असे तीन साधे प्रश्न. त्यांच्या उत्तरांवरून जुने रकाने आतल्या आत भरले जातात, त्यामुळे तुलनाही होते आणि पागडी वेगळी दिसते. व्यवसायात 'गिरणी संपात किंवा बंद पडल्याने काम गेलं' हा पर्याय आला. आणि उत्पन्नाच्या प्रश्नाला फोन बाईच्या हातात द्यायचा. मोठी अक्षरं, उत्तर निवडलं की पडदा लगेच पुढे सरकतो, मागे जाऊन कुणाला बघता येत नाही. पहिल्याच चाचणीत एका सुनेने आधी तोंडी "काही नाही" सांगितलं होतं. फोन हातात आल्यावर तिने शिवणकामाचं उत्पन्न नोंदवलं आणि काही न बोलता फोन परत दिला. त्या सबंध कामात मला सगळ्यात लक्षात राहिलेला क्षण तो.

फॉर्म आधीपेक्षा लांब झाला बरं का! पण कार्यकर्ते सांगतात, लोक आता तो पूर्ण करतात.

'इतर' आम्ही ठेवलाय, फक्त त्याच्या वरचा लाल तारा काढला. दर शनिवारी चहाबरोबर त्यात आलेली सगळी उत्तरं टीममधलं कुणीतरी मोठ्याने वाचतं. एकच उत्तर पुन्हा पुन्हा यायला लागलं की ते यादीत वर चढतं. परवा 'कुटुंबात किती माणसं' या प्रश्नाला परळहून उत्तर आलं : "एरवी तीन, गणपतीत चौदा, मे महिन्यात कुणीच नाही." त्याचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. ताई तीन म्हणतात, डेव्हलपर चौदा. तुम्ही काय लिहिलं असतं?