धनुर्मासातली जुळणी

30 नोव्हेंबर 2025, रविवार
हळ्ळीखेडच्या मावशी लेकीच्या लग्नाचा अल्बम घेऊन स्टुडिओत आल्या. पिशवीत लेकीचा शालू. काउंटरवर 12 बाय 36 इंचाची शीट उघडली आणि पदर तिच्यावर पसरला. शालू डाळिंबी, शीटवर विटकरी. ‘‘दादा, ह्यो आमचा न्हवं.’’ माझ्या स्क्रीनवर तोच फोटो डाळिंबी दिसतो.
ब्लाउजपीसचा तुकडा मागून ठेवून घेतला.

1 डिसेंबर, सोमवार
विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबरला बंद झाले. माझा आय-फाइव्ह चौथ्या पिढीचा. विंडोज 11 ला आठवी किंवा पुढची लागते. मशीन बदलणं आलंच. धनुर्मासात लग्नं नसतात, तेव्हाच उरकायचं.

4 डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती
रात्री माणिकनगरच्या जत्रेला. 6400 आयएसओवर काढलेले फोटो. दिवे सुरेख. चेहऱ्यांवर मात्र रवा सांडल्यासारखे दाणे. घरी येऊन लाइटरूमचा डीनॉईज लावला. एका फोटोला चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. हे काम ग्राफिक्स कार्डाचं. माझ्याकडं कार्ड नाही.

5 डिसेंबर, शुक्रवार
मायक्रॉन कंपनी क्रुशियलची रॅम किरकोळ बाजारातून काढून घेणार. फेब्रुवारीपर्यंतच माल. एआयच्या डेटा सेंटरला मेमरी विकण्यात पैसा जास्त. हैदराबादला फोन लावला. ‘‘अन्ना, आज का भाव आज. शाम को मत पूछो.’’ रॅम दिवाळीच्या भावाच्या दुपटीवर गेलीय. आधी मांडलेली बेरीज खोडली.

7 डिसेंबर, रविवार
भाचा कलबुर्गीहून आला. कागदावर यादी करून दिली. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत लाईट, पाण्याचा कूलर, 16 जीबीचं ग्राफिक्स कार्ड. सगळ्यात खाली: ‘मॉनिटर जुनाच चालेल.’
‘‘मामा, गेम पण चालतील.’’
पोरगं हुशार आहे. पण यादी त्याची आहे, माझी नाही.

10 डिसेंबर, बुधवार
दुपारभर वीज ये-जा. वहीतच हिशेब केला.
शीट 300 डीपीआयला 10800 बाय 3600 पिक्सेल. जवळपास 3.9 कोटी. त्यावर आठ-दहा फोटो, बॅकग्राउंड, फुलं, नावं, प्रत्येकाची लेयर. फाईल दोन जीबीच्या पुढं गेली की पीएसडीत सेव्ह होत नाही, पीएसबी करावी लागते. अशा दोन उघडल्या की 16 जीबी रॅम संपते. 32 पाहिजेच.
प्रोसेसर: फोटोशॉपची बरीच कामं एक-दोन कोरवरच चालतात. लाइटरूममधून लग्नाचे सगळे फोटो एक्स्पोर्ट करताना मात्र सगळे कोर कामाला लागतात. सहा कोर मला पुरे.
डिस्क: 24 मेगापिक्सेलच्या तीन हजार रॉ फाईली म्हणजे 80-90 जीबी. चालू लग्नं एनव्हीएमईवर, झालेली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर. एकच कॉपी ठेवणाऱ्यानं लग्नाची ऑर्डर घेऊ नये.

14 डिसेंबर, रविवार
हुमनाबादेत एक कॉम्प्युटर क्लास बंद होतोय. 8 जीबीच्या चार पट्ट्या मिळाल्या, एकाच कंपनीच्या, डीडीआर-4. नव्या रायझनच्या बोर्डावर ही रॅम बसत नाही, तिथं डीडीआर-5 च. मग इंटेल आय-फाइव्ह 12400, चार स्लॉटचा डीडीआर-4 बोर्ड. रॅम बघून प्रोसेसर ठरवायचा. उलटा कारभार, पण यंदा असाच.
12400 एफ थोडा स्वस्त मिळतो. त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, कार्ड घ्यावंच लागतं. एफ नको.

19 डिसेंबर, शुक्रवार. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या
रानात. कडब्याची कोप, पूजा, भज्जी, आंबील. पोट तुडुंब. तुरीचे, ज्वारीचे फोटो काढले. बाबांनी विचारलं, ‘‘त्या डब्ब्याला किती घालणारेस?’’ आंबील वाढून घेतली.

23 डिसेंबर, मंगळवार
पहाटेची बस. जहिराबाद, संगारेड्डी, हैदराबाद. सिकंदराबादला पार्कलेन, कॉम्प्युटर दुकानांचं चेनॉय ट्रेड सेंटर. निजामाचे फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांचा स्टुडिओ याच सिकंदराबादेत होता. त्यांना काचेच्या प्लेटा सांभाळायच्या होत्या, मला फाईली.
दुकानदार आधी गेमिंगचे मॉनिटर दाखवतो. 165 हर्ट्झ. माझा फोटो तर हलत नाही. पेनड्राइव्हवरचा शालूचा फोटो एकेका मॉनिटरवर लावला, ब्लाउजपीस शेजारी धरला. दुकानातल्या ट्यूबखाली कापडच निळसर दिसतं, म्हणून पक्कं काही ठरत नाही. पण एका स्वस्त पडद्यावर मान जरा हलवली की रंग बदलत होता. तो लगेच बाद.
असूसचा प्रोआर्ट घेतला. 27 इंच, आयपीएस, 2560 बाय 1440, पूर्ण एसआरजीबी. अ‍ॅडोबी आरजीबी दाखवणारे बरेच महाग. आमची लॅब जेपेग एसआरजीबीतच घेते, मग ते पैसे कशाला?
भाच्याचा फोन: ‘‘कार्ड कोणतं?’’ कार्ड नाही. गप्प झाला.

28 डिसेंबर, रविवार
स्टुडिओच्या मागं खड्डा. कोळसा, मीठ, अर्थिंगची प्लेट. जुन्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. यूपीएस साइन वेव्हचा घेतला. नव्या एसएमपीएसला तो बरा.

1 जानेवारी 2026, गुरुवार
नवं मशीन चालू झालं. 32 जीबी रॅम दिसली.

4 जानेवारी, रविवार
बीदरच्या मित्राचा कॅलिब्रेटर एका दिवसासाठी आणला. मॉनिटरचा उजेड 120 निट्सवर उतरवला. पहिल्यांदा सगळं मेल्यासारखं वाटलं. तासाभरात डोळे बसले. जुन्या स्क्रीनचा उजेड कायम शंभर टक्के असायचा. शीट काळपट येते म्हणून लॅबशी भांडायचो, त्यातली निम्मी भांडणं इथंच मिटतील.
जुना मॉनिटर शेजारी लावला. त्यावर आता फक्त फाईलींची यादी.

9 जानेवारी, शुक्रवार
लॅबकडून नमुन्याची शीट आली. दुपारी दाराशी, उन्हाच्या उजेडात ब्लाउजपीसशी ताडून पाहिली. डाळिंबी. जरीचा पिवळा अजून किंचित हिरवट आहे, पण चालेल. मावशींची शीट परत छापायला टाकली, पैसे न घेता.

12 जानेवारी, सोमवार
भाच्याला यादी परत पाठवली, उलटी करून: आधी मॉनिटर, मग रॅम, मग डिस्क, मग प्रोसेसर. ग्राफिक्स कार्ड उन्हाळ्यातल्या लग्नांचे पैसे हातात आल्यावर, निदान 8 जीबीचं. तोवर डीनॉईज रात्री लावून झोपायचं. काचेचं कॅबिनेट कधीच नाही. आमच्याकडं धूळ फार.