गाणारणीचें नांव

शेतांत पीक कापतां कापतां एकटीच गाणाऱ्या मुलीवरील वर्डस्वर्थची कविता शिकविण्याचा योग मला आजवर अनेकदां आला आहे. १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या कवितेंतील कवीला त्या स्कॉटिश मुलीची भाषा समजत नाहीं. म्हणून गाण्याच्या अर्थाविषयीं तो नुसते तर्क करीत राहतो. त्याच्या अज्ञानाला निदान भाषेची सबब होती. आमच्या चाकूरच्या आसपास पहाटेच्या अंधारांत जोंधळा दळतांना जें गाणें होत असे, तें तर आमच्याच मायबोलींत होतें. तरीहि गाणारणीचें नांव विचारण्याची चाल आपल्याकडे पडली नाहीं.

याचें एक कारण ओवींतच आहे. दळणारी बाई ओवींत भावाचें नांव गुंफते, विठोबाचें गुंफते, सीतेचा वनवास गाते. स्वतःचें नांव तेवढें बाहेर ठेवते. मराठवाड्यानें एक ठळक अपवाद दिला, तो गंगाखेडच्या जनाबाईचा. तिनें आपल्या अभंगांवर नांव घातलें. तेंहि एकटें नव्हे, नामदेवाची दासी म्हणून!

पुढें संग्राहक आले. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’मध्यें ओव्या मोठ्या मायेनें गोळा केल्या. कमलाबाई देशपांडे यांनीं आपल्या ग्रंथाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असें नांव दिलें. वेदांचें विशेषण जात्यावरच्या गाण्याला लावण्यांत केवढा गौरव आहे! परंतु अपौरुषेय म्हटलें कीं कर्त्याचा शोध संपतो, आणि कर्त्रीचा तर सुरूच होत नाहीं.

तो शोध हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं चालविला. पुणे जिल्ह्यांतून आरंभिलेल्या त्यांच्या कार्यांत महाराष्ट्रांतील हजारांहून अधिक गांवांतल्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. आणि त्यांबरोबर गाणाऱ्या बायकांचीं नांवें व गांवेंहि नोंदलीं गेलीं. १९९६ सालीं परभणी जिल्ह्यांतील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. ‘पारी’च्या संकेतस्थळावर तो आज कोणालाहि ऐकतां येतो. पुस्तकांत दोन ओळींत मावणारी ओवी गळ्यांतून येतांना अर्धे चरण परत घेते, मध्यें ‘बाई’, ‘गं’ अशीं हळुवार पदें पेरते आणि पसरत जाते. छापील पानावर हें सारें गळून पडलेलें असतें.

कोणी म्हणेल, ओवी कोणा एकीची नसतेच. तीच ओवी दहा गांवांत आढळते. खरें आहे. पण राग तरी कोणा गवयाच्या मालकीचा असतो? तो आळवणाऱ्याचें नांव मात्र आपण मैफलीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहितों. शेकडों ओव्यांतून आजची ओवी निवडणारी आणि तींत आपलें माहेर बसविणारी बाई ही गायिकाच होय.

गिरणी आली आणि बायकांच्या हातांचे कष्ट वांचले. त्याचें दुःख करणें निर्दयपणाचें होईल. जातें आतां बहुधा लग्नाच्या हळदीपुरतें पुजलें जातें. परंतु दळतां दळतां ओव्या शिकलेल्या वृद्धा आमच्या तालुक्यांत अजून आहेत, आणि मी विद्यार्थ्यांना वह्या देऊन त्यांच्याकडे धाडतों. एका विद्यार्थिनीनें आपल्याच आजीच्या चाळीस ओव्या उतरून आणल्या. वर लिहिलें होतें, ‘गाणारी: आजी’. मीं वही परत दिली. दुसऱ्या दिवशीं तींत आजीचें नांव आलें, माहेरचें गांव आलें, सासरचें आलें. आणि नांव लिहिलें जाणार हें कळल्यावर आजीनें आणखी अकरा ओव्या सांगितल्या होत्या.