जुन्या होडीची पारख

जुनी वस्तु विकत घेणें आपल्याकडे कमीपणाचें मानलें जातें. परंतु नवी घेतांना आपण जितके भोळे असतों तितके जुनी घेतांना नसतों, हेंहि तितकेंच खरें. म्हैस घ्यावयाची तर दांत पाहावे, सड चांचपावे, दोन वेळचें दूध आपल्या देखत काढून घ्यावें, एवढें व्यवहारज्ञान खेड्यांतल्या पोरालाहि असतें. मडकें तर कोणी वाजविल्यावांचून घेतच नाहीं. हीच परीक्षा जुन्या मोटारहोडीला लावावयाची झाली म्हणजे मात्र भलेभले रंगाला भुलतात.

आमची धाकटी बहीण मालवणनजीक देवबागेंत दिलेली आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी आणि मध्यें माडांनीं भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी, असें तें गांव. प्रवाशांना संगमावर फिरवून आणण्याचा धंदा तेथें बरा चालतो. त्यासाठीं भाच्यानें फायबरची एक वापरलेली होडी हेरून ठेविली होती. किंमत त्याच्या शिलकीच्या बाहेरची, म्हणून बहिणीनें पाटल्या गहाण टाकण्याची तयारी केली. “मामा, तुम्ही रसायनशास्त्र शिकवतां, एकदां येऊन बघा,” असा भाच्याचा आग्रह पडला. रसायनशास्त्राचा होडीशीं संबंध काय, असें आमच्या घरांत विचारलें गेलें. संबंध आहे, आणि तो पुढें येईलच.

मे महिन्याची अखेर होती, व ती आमच्या पथ्यावर पडली. पावसाळ्याच्या तोंडाशीं होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, आणि एरवीं पाण्याखालीं दडलेला तळ तेव्हां निमूटपणें उघडा पडतो. ही होडी नुकतीच निळ्यापांढऱ्या रंगानें रंगविलेली होती; नाळेवर झेंडूची माळहि होती. आमच्याबरोबर शेजारचे एक वृद्ध तांडेल आले होते. त्यांनीं वर पाहिलेंच नाहीं. “मास्तरानू, रंगार जाव नकात. इंजिन उद्या नवीन मिळतला, तळ खंयसून आणशात?” एवढें बोलून ते लांकडी मोगरी घेऊन होडीच्या पोटाखालीं शिरले.

फायबर म्हणजे कांचेच्या तंतूंचें कापड आणि राळेसारखें एक रसायन यांचे थरावर थर. थर एकजीव असले तर आवाज टणटणीत येतो. ते सुटले किंवा त्यांत पाणी शिरलें कीं तो बद्द येतो. नाळेपासून मागें येईतों मोगरी खणखणत होती. ज्या मागच्या फळीवर इंजिन टांगतात तेथें येतांच ती ओल्या गोणपाटावर पडावी तशी वाजली. ह्या फळीच्या पोटांत बहुधा लांकूड घातलेलें असतें. बोल्टांच्या भोंकांतून पाणी झिरपतें, लांकूड आंतल्या आंत कुजतें, आणि बाहेरची कातडी मात्र जशीच्या तशी तकतकीत राहते. भाच्याला इंजिनाचें डोकें धरून सावकाश दाबावयास सांगितलें. फळी डोळ्यांना दिसेल इतकी लवली.

तळावर रंगाखालीं हरभऱ्याएवढे फोड होते. मालकाच्या परवानगीनें एक टांचणीनें फोडला, तों थेंबभर द्रव निघाला व त्याला शिरक्यासारखा आंबट वास आला. वरच्या आवरणांतून पाणी वर्षानुवर्षें आंत झिरपतें, तेथील विरघळणारीं द्रव्यें घेऊन त्याचा आम्लयुक्त द्रव बनतो, आणि तो द्रव आणखी पाणी ओढून घेतो. मनुका पाण्यांत फुगतात तोच हा व्यापार. चारदोन फोडांना भिण्याचें कारण नाहीं. घांसून, वाळवून, भरून घेतां येतात. येथें हातभर जागेंत वीस-पंचवीस होते. मालक म्हणाला, हा रंगाचा दोष. त्याला लबाड म्हणण्यास आमचें मन घेत नाहीं. गरजू मनुष्य स्वतःचीहि समजूत अशीच घालीत असतो.

इंजिनाच्या खालच्या अंगास जस्ताचा एक लहानसा तुकडा बसवितात. खाऱ्या पाण्यांत दोन भिन्न धातु परस्परांस जोडलेले असले कीं त्यांतला एक झिजूं लागतो. जस्त आपण झिजून ॲल्युमिनियमला वांचवितें. ही युक्ति सर हंफ्री डेव्ही यानें १८२४ सालीं ब्रिटिश आरमाराच्या तांब्यानें मढविलेल्या जहाजांकरितां सुचविली. तांबें वांचलें खरें. परंतु न झिजणाऱ्या तांब्यावर शेवाळ व शिंपले मनसोक्त वाढून जहाजें मंदावलीं, आणि आरमारानें तो नाद सोडला. वर्गांत ही गोष्ट आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों आहों. वाळूंत बसून तिचा पुरावा हातांत घेण्याचा योग मात्र प्रथमच आला. अर्धें झिजलेलें जस्त ही उत्तम खूण, तें कामावर हजर आहे असें समजावें. येथें जस्तालाहि निळा रंग फांसलेला होता! पाण्याशीं संबंध तुटलेलें जस्त झिजणार कसें व वांचविणार कोणाला?

इंजिन मात्र निरोगी निघालें. तें गार असतांनाच सुरू करवून पाहावें, कारण जुन्या इंजिनाच्या खोडी थंडपणींच दिसतात. पिंपभर पाण्यांत त्याचा पाय बुडवून दोरी ओढली. तिसऱ्या ओढीस तें बोललें, व बाजूच्या छिद्रांतून पाण्याची धार जोरानें पडूं लागली. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. दांतेचाकांचें तेल ताकासारखें पांढरट असतें तर आंत पाणी शिरलें असें ठरलें असतें; तें मधासारखें नितळ होतें. मग इंजिन तेवढेंच कां घेऊं नये? पण त्याच्यावरचा क्रमांक नोंदणीच्या कागदाशीं जुळेना, आणि खरेदीची पावती मालकापाशीं नव्हती.

रात्रीं जेवणें झाल्यावर बहिणीनें एवढेंच विचारलें, “दादा, ती फळी मोडली तर माणसं बुडतील का?” बुडूं शकतील, असें आम्हीं सांगितलें. पाटल्यांचा डबा तिनें उचलून कपाटांत ठेविला. भाचा दोन दिवस आमच्याशीं मोजकेंच बोलला.

त्यानंतर त्यानें तारकर्लीस दुसरी एक होडी पाहिली. रंग उडालेला, बाकांवर ठिगळें, किंमत पहिलीहून अधिक. पण मोगरी सगळीकडे सारखी वाजते, जस्त निम्मे झिजलेलें आहे, आणि तेल केव्हां बदललें त्याच्या तारखा मालकानें एका वहींत लिहून ठेविल्या आहेत. ती वही आम्ही आरंभापासून शेवटपर्यंत वाचली. विसार दिला आहे. बाकीचा व्यवहार सप्टेंबरांत, होडींत आठ माणसें बसवून ओहोटीच्या ओढीविरुद्ध ती चालवून पाहिल्यावर. त्या आठांत आमचें नांव भाच्यानें आम्हांस न विचारतांच घातलें आहे.