हरण्याची किंमत

कुठलाही खेळ हातात आला, की हरल्यावर तो आपल्याकडे काय मागतो ते मी आधी बघते. जिंकल्यावर काय मिळतं ते जाहिरातीच सांगतात.

ही सवय ‘कॉन्ट्रा’पासूनची. सांगलीला मामाकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या यंत्राची ती स्वस्त नक्कल, हे पुष्कळ पुढे कळलं. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. ‘कॉन्ट्रा’त प्रत्येकाला तीन लाईफ मिळत. सुरुवातीला वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, मग बी आणि ए अशी बटणं दाबली की तिनाच्या तीस होत. हा मंत्र गावोगावच्या पोरांना पाठ होता, कुणी कुणाला शिकवला देव जाणे. मला मात्र त्यातली वेगळीच सोय आवडायची. दोघं खेळताना एकाच्या सगळ्या लाईफ संपल्या, तर बटण दाबून जोडीदाराच्या शिलकीतली एक घेता यायची. मी धबधब्याच्या टप्प्यावर हमखास पडायचे. मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, “घे माझी.” त्याच्याकडे एकच उरलेली असली तरी म्हणायचा. त्यात लोडशेडिंग. वीज गेली की सातव्या टप्प्यावर पोचलेला माणूससुद्धा थेट पहिल्यावर, कारण झालेला खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. रडू यायचं. पण दिवे आले की दोघंही पुन्हा पहिल्यापासून. त्या हरण्याने आमच्याकडून एक दुपार घेतली, बाकी काही नाही. आणि परत उभं राहायची सवय लावली, ती मला अजून पुरते आहे.

दादा चोरून पार्लरलाही जायचा. एसटी स्टँडमागच्या काळोख्या गाळ्यात ती उंच यंत्रं होती. मुली आत जात नसत. मी त्याची सायकल धरून दारात उभी राहायचे. सगळ्यात जास्त गर्दी ‘मुस्तफा’पुढे. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण त्यातल्या मुस्तफा या गड्यामुळे आपल्याकडे तो ‘मुस्तफा’च झाला. मेलात की पडद्यावर नऊ, आठ, सात असे आकडे उतरायला लागत. शून्याच्या आत नवं नाणं टाकलं तर खेळ पुढे, नाहीतर संपला. यंत्राचा मालक खेळणाऱ्याच्या हरण्यावर जगतो, हे तिथे उघड दिसत होतं. पोरगं जितक्या लवकर मरेल तितक्या लवकर पुढचं नाणं पडणार, म्हणून खेळ मुळातच अवघड केलेला. पण त्या व्यवहाराला तळ होता. दादाच्या खिशात दोन-तीन रुपये असायचे. ते संपून तो घुटमळायला लागला की गल्ल्यावरचा माणूसच हाकलायचा, “पळ घरी, आई वाट बघत असेल.”

मधली वर्षं भराभर गेली. पेन्सिल सेलवर चालणारा ब्रिक गेम, नोकियातला साप, पुण्यात कॉलेजला असताना सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने ‘काउंटर स्ट्राइक’. यातला ब्रिक गेम मला आजही थोर वाटतो. अलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ मध्ये मॉस्कोत रचलेल्या ‘टेट्रिस’चंच ते रूप. ठोकळे पडतच राहतात, वेग वाढतच जातो, शेवटी ढीग वरपर्यंत येतो आणि आपण हरतो. त्याला दुसरा शेवट नाही. तरी जगभरातली माणसं इतकी वर्षं आनंदाने हरत आली, कारण हरल्यावर तो काहीही मागत नाही.

मग ‘पबजी’ आला आणि सरकारचं लक्ष खेळांकडे गेलं. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी तो खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना अटक केली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने आणखी ११७ अ‍ॅपसह त्यावर बंदी घातली. कारण देशाच्या सुरक्षेचं होतं. गलवाननंतरचे दिवस होते ते. त्या कारणाबद्दल माझी तक्रार नाही. पण घराघरांत त्याचा अर्थ असा झाला, की पोरं बिघडवणारा खेळ सरकारने घालवला. आणि १९ सप्टेंबरला अबुधाबीत आयपीएल सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच ‘ड्रीम इलेव्हन’ होतं: पैसे लावून संघ निवडायच्या खेळाची कंपनी. मोबाईल उघडावा तर रमीच्या जाहिराती. शेवटचा इशारा इतक्या घाईत वाचलेला की कानाला शब्द लागू नयेत. बारा वर्षांच्या पोराच्या फुकट खेळाची ज्यांना काळजी होती, त्यांना याची का नव्हती, हे मला कधीच समजलं नाही.

दादा त्या रमीत बुडाला. आधी थोडं जिंकला होता, तेवढंच तो सगळ्यांना सांगायचा. हळदीची पट्टी खात्यात जमा झाली की काही रात्रींत निम्मी जायची. मग हातउसने, मग मोबाईलवर मिनिटांत मिळणारं कर्ज, मग वहिनीच्या गळ्यातलं. हे सगळं घरच्या अंथरुणावर, बायको शेजारी झोपलेली असताना, एका अंगठ्याने. गावात पत्त्यांचा अड्डा असता तर चार लोकांनी पाहिलं असतं, मामाच्या कानावर गेलं असतं, कुणीतरी बखोटीला धरून उठवलं असतं. अ‍ॅपला बंद व्हायची वेळ नाही, यूपीआयमुळे खिसाही लांब राहिला नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, की तो काही दिवस तिकडे फिरकला नाही तर अ‍ॅपच त्याला बोनस पाठवून बोलवायचं.

इतकी वर्षं कायदा एकच विचारत होता: कौशल्य की नशीब? मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला हात लावत नाही. साठच्या दशकात आंध्रातल्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, आणि अ‍ॅपवाले तो निकाल ढालीसारखा पुढे करत राहिले. त्याच निकालात असंही म्हटलं होतं, की क्लबचा मालक या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. ते कुणी पुढे केलं नाही. दादा रमीत कच्चा नव्हता, लहानपणापासून खेळत आलेला. पण जिथे दर डावातून कंपनी आपला हिस्सा काढते, तिथे सगळे खेळणारे मिळून हरतच असतात, कौशल्य कितीही असो. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे त्या हरण्यात सरकारही वाटेकरी झालं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने दोन दिवसांत नवा कायदा केला आणि कौशल्य-नशिबाचा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक मिळून वीस हजार कोटी रुपये गमावतात, हा सरकारचाच अंदाज होता. एवढ्या मोठ्या गोष्टीवर चर्चा जास्त व्हायला हवी होती. परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या अ‍ॅपकडे वळणाऱ्यांना नुसती बंदी थोपवणार नाही. तरी मी या कायद्याच्या बाजूची आहे. हरणाऱ्याला गुन्हेगार न मानता त्याच्या हरण्यावर कमावणाऱ्याला त्याने पकडलं, एवढं मला पुरे आहे. पण तोवर दादाने ओढ्याकाठचं रान विकलं होतं.

आता माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि त्याला ‘क्रेट’ हवा असतो. पैसे देऊन बंद पेटी उघडायची. आत बंदुकीला नवा रंग निघेल, नाहीतर बिनकामाचं काहीतरी. यात पैसे जिंकता येत नाहीत, म्हणून नव्या कायद्याचा रोख तिकडे नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगार ठरवल्या. चीनने २०१७ मध्ये आतली वस्तू मिळण्याची शक्यता जाहीर करायला लावली. त्याच चीनने २०२१ मध्ये मुलांचं ऑनलाइन खेळणं आठवड्याला जेमतेम तीन तासांवर आणलं, ते मला पटत नाही. रविवारी दुपारभर माझा मुलगा मित्रांबरोबर खेळतो, हरतो, भांडतो, पुन्हा उतरतो. त्यात पहारा बसवण्यासारखं मला काही दिसत नाही. पहारा पेटीवर हवा. विकत घ्यायच्या बटणाशेजारी, मुलाला वाचता येईल अशा मराठीत, हवी ती वस्तू निघण्याची शक्यता किती आणि आजवर या खात्यातून एकूण किती रुपये गेले, हे दोन आकडे ठळक असावेत, असा नियम करायला कुणाची हरकत असू नये. आणि राज्य सरकारने १९६९ मध्ये जी लॉटरी सुरू केली, तिच्या तिकिटावरही जिंकण्याची शक्यता बक्षिसाच्या रकमेएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी.