मॉरिशसच्या वाटाड्याला, नाशिकहून

नाशिक,
कोजागरी पौर्णिमा

प्रिय भाऊ,



शाळेत मराठी शिकलात, आरत्या तोंडपाठ आहेत, पण वाचायचा सराव राहिला नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. कुठे अडलात तर लेकीकडून वाचून घ्या. ती मोक्याला महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकते आहे, तिला हे सहज जमेल.

पुढच्या वर्षी रत्नागिरीकडे येऊन पूर्वजांचं गाव शोधायचा तुमचा बेत आहे. जरूर शोधा. पण मुंबईला उतरल्यावर कोकणाकडे वळण्याआधी दोन दिवस नाशिकला काढा, एवढं सांगायला हे पत्र लिहिते आहे. तुम्ही एक अख्खा दिवस आम्हा चौघांना तुमचं बेट दाखवलंत. मला एक दिवस तुम्हाला आमचे डोंगर दाखवायचे आहेत.

त्या दिवसाबद्दल आधी थोडं लिहू द्या, कारण तुमच्यासमोर नीट बोलता आलं नाही. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. सहली नेल्या, सहलींना गेले. गाडी घेऊन दिवसभर फिरवणारे लोक बहुतेक वेळा फोटोच्या जागा दाखवतात आणि घड्याळ बघतात. तुम्ही क्युरपीपला त्रू ओ सेर्फच्या विवराकाठी आम्हाला आधी विवराकडे पाठ करून उभं केलंत. दूरवरचा पीटर बोथ आणि त्याच्या रांगेतले सुळके दाखवून म्हणालात, ही एका जुन्या प्रचंड ज्वालामुखीची कड आहे, मधला भाग खचला आणि एवढीच कड उरली. त्या एका वाक्यानंतर मला अख्खं बेट कळायला लागलं. डोंगर असे मध्येच तुटक का उभे आहेत, मधलं पठार सपाट का आहे, सगळं जागच्या जागी बसलं. शामारेलला सगळे मातीचे सात रंग मोजत होते. तुम्ही सांगितलंत की ही त्याच काळ्या दगडाची माती आहे, पावसाने बाकीचं धुऊन नेलं आणि लोखंड व ॲल्युमिनियमची भस्मं मागे राहिली, रंग त्यांचे. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या उद्यानात आम्ही दरी बघत होतो, तर तुम्ही पायाजवळचा चिनी पेरू दाखवलात. बाहेरून आणलेलं हे झुडूप मूळच्या जंगलाला कसं गिळतं ते सांगितलंत. आणि मग तुमच्या बेटाच्या त्या छोट्या ससाण्याची गोष्ट. 1974 साली रानात फक्त चार माहीत होते, आज शेकड्यांत आहेत. ते सांगताना तुमचा आवाज घरच्या माणसाबद्दल बोलावं तसा झाला होता.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिले ते उसाच्या शेतांतले दगडांचे ढीग. काळ्या धोंड्यांच्या त्या राशी बघून माझा नवरा म्हणाला, हे कोणी रचले? तुम्ही गाडी थांबवलीत. 1834 पासून गिरमिटावर आलेल्या माणसांना सांगितलं जायचं की तिकडे दगड उचलला की खाली सोनं सापडतं, अशी कथा तुमच्याकडे अजून सांगतात. त्यांनी दगड उचलले, शेतं मोकळी झाली, सोनं मळ्यांच्या मालकांकडे गेलं. तुमचे पूर्वजही त्यांतच होते. तुम्ही हे अगदी शांतपणे सांगितलंत आणि पुढे निघालात. मला मात्र तिथेच कळलं की तुम्हाला नाशिकला का बोलवायचं.

तुमच्या माणसांनी उचललेला तो दगड आणि आमच्या ब्रह्मगिरी डोंगराचा दगड एकाच ठिकाणाहून वर आले आहेत. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. बहुतेक भूवैज्ञानिक असं मानतात की पृथ्वीच्या पोटातून एके जागी फार मोठी उष्णता वर येत असते आणि त्या जागेवरून जमिनीचा पापुद्रा सरकत राहतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ती जागा आमच्याखाली होती. तेव्हा जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि लाव्हा पुरासारखा पसरत गेला. एक थर, तो निवला की दुसरा, त्यावर तिसरा. आज उरलेलाही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच बसला आहे. पुढे आपली भूमी उत्तरेकडे सरकत गेली आणि ती उष्ण जागा आपला माग समुद्रात सोडत राहिली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या बुडाशी त्याच ज्वालामुखींचा खडक आहे. 1987 साली जहाजावरून समुद्राचा तळ भोकं पाडून तपासला, तेव्हा हा खडक दक्षिणेकडे जावं तसा वयाने लहान होत जातो असं दिसलं. या माळेत ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी तुमचं बेट वर आलं. त्यानंतर शेजारचं रियुनियन. तिथला पितों द ला फुर्नेझ अजूनही बहुतेक दर वर्षी पेटतो. म्हणजे ज्या आगीतून माझा नाशिक जिल्हा घडला ती विझलेली नाही, तुमच्यापासून दोन-सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. तुमच्या गाडीत बसले होते तेव्हाही मला हे माहीत होतं, पण तुम्ही बोलत असताना मधे तोंड घालावंसं वाटलं नाही.

आता इथल्या दिवसाचं सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी हे ज्वालामुखी नव्हेत. इथे विवर शोधू नका. हे सगळं आधी एकसलग उंच पठार होतं. पावसाने आणि नद्यांनी ते कोरत नेलं, आणि जे कोरून झालं नाही ते डोंगर म्हणून उरलं. तुमच्याकडे कड उरली, आमच्याकडे थर उरले.

सकाळी लवकर पांडवलेण्यांपासून सुरुवात करू. शहरापासून जवळ, मुंबईच्या रस्त्यालाच त्रिरश्मी डोंगर आहे. चोवीस लेणी डोंगराच्या कमरेला एकाच उंचीवर ओळीने कोरलेली आहेत. वरखाली भरकटलेली नाहीत, कारण कोरणाऱ्यांना कडक, भेगा नसलेला थर हवा होता आणि तो त्यांना तिथे मिळाला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटांना लाव्हा हा शब्द माहीत नसेल, पण छिन्नीच्या आवाजावरून थर ओळखता येत असणार याबद्दल मला शंका नाही. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या गेलेल्या मुलाचं कर्तृत्व तिने या कातळावर लिहवून ठेवलं. तिथे मी तुम्हाला जरा जास्त वेळ बसवणार आहे.

तिथून त्र्यंबकच्या रस्त्याने अंजनेरी. पायथ्याच्या गावात यादवकाळातली जुनी जैन देवळं आहेत. वर जाताना घळीतून पायऱ्या आहेत, आणि त्या पायऱ्यांशेजारच्या उभ्या कातळात मला जे दाखवायचं आहे ते सगळं आहे. एक थर घट्ट, काळा. त्याच्यावरचा बारीक भोकाभोकांचा, घावनासारखा. लाव्हातला वायू बाहेर पडताना ही भोकं राहून गेली. पुढे लाखो वर्षं कोमट पाणी त्यांतून झिरपलं आणि पोकळ्यांत पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक वाढले. त्यांतले उत्तम नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आहेत. आदल्या दिवशी दुपारी ते बघून घेऊ, म्हणजे कातळातली बारकी चमक तुम्हाला ओळखू येईल. आणि दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टा दिसेल. तिथे माझं बोट थांबेल. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात खालच्या दगडाची माती झाली. वरून आलेल्या लाव्हाने ती भाजून निघाली. तुम्ही शामारेलला जे उघड्यावर दाखवलंत, ते इथे दोन दगडांच्या मधे दाबलेलं आहे.

वरच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात उगवते. तिचं शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका, कारण ती याच डोंगरावर सापडली. 2006 साली तिची नोंद झाली. इवलीशी वनस्पती, कातळावरच्या चिमूटभर मातीत जगते, जगात इतकी थोडी उरली आहे की एका गुराचा खूरही तिला महागात पडेल. 2017 साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्यामागे या फुलाचा आणि कड्यांतल्या गिधाडांचा मोठा वाटा आहे. मधे डोंगरावर गाडीरस्ता न्यायचं घाटत होतं, तेव्हा नाशिककरांनी कसून विरोध केला. फूल दाखवीन, पण जागेचा फोटो कुठेही टाकायचा नाही. चार ससाण्यांपासून सुरुवात केलेल्या बेटावरच्या माणसाला याचं कारण सांगायला नको.

दुपारनंतर त्र्यंबक. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, तेही याच काळ्या दगडात. दर्शन घेऊ, आणि वेळ उरला तर गंगाद्वाराच्या पायऱ्या चढू. ब्रह्मगिरीवर पडलेला एक थेंब पूर्वेला घरंगळला तर गोदावरी होऊन 1465 किलोमीटर चालतो आणि आंध्रात समुद्राला मिळतो. तोच पश्चिमेला पडला तर वैतरणेच्या वाटेने पालघरच्या किनाऱ्यावर पोचतो. तुमची सगळ्यात लांब नदी चाळीस किलोमीटरही भरत नाही, म्हणून हे तुम्हाला मुद्दाम उभं राहून दाखवायचं आहे. गंगा तलावाला कावड घेऊन पायी जाणारी तुमच्याकडची माणसं मी छायाचित्रांत पाहिली आहेत. इथे तिसऱ्या श्रावणी सोमवारी लाखो लोक रात्रभर ब्रह्मगिरीची फेरी करतात, पुष्कळसे अनवाणी. विवरातलं तळं असो की लाव्हाचा कडा, आपल्या माणसांनी त्याला देव मानलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

संध्याकाळी पंचवटीत काळाराम मंदिरापाशी थांबू. त्याचा दगड रामशेजच्या डोंगरातला. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथल्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे पाच वर्षं चालला. दगड फोडणारे, वाहणारे हात आणि आत जाऊ न दिलेली माणसं, यांचा विचार तुमच्या त्या उसाच्या शेतापासून माझ्या मनात सुरू आहे. तुम्हाला तो वेगळा समजवावा लागणार नाही.

आता माझ्या स्वार्थाचं. भाऊ, आमच्या डोंगरांना भक्ती भरपूर मिळाली, पण त्यांची गोष्ट सांगणारं माणूस मिळालं नाही. फेरी करणाऱ्या लाखांतल्या कोणाला पायाखालचा थर कोणी दाखवत नाही. शहराभोवतीच्या टेकड्या खडीसाठी फुटतात, तेव्हा तुटतंय ते काय आहे हे न कळल्यामुळे फार थोड्यांना वाईट वाटतं. 2027 ला सिंहस्थ आहे. रस्ते रुंद होतील, घाट बांधले जातील, कोटींनी माणसं येतील. मला वाटतं, त्यासोबत अंजनेरी, त्र्यंबक, हरिहर किल्ल्याच्या पायथ्याच्या पंचवीस-तीस मुलामुलींना डोंगर वाचायला शिकवावा. तिथल्याच, ज्यांची गुरं त्या पठारावर चरतात त्यांना. मोठ्या बसचं काम नाही. तुमच्यासारखं एका वेळी एक गाडी, चार पाहुणे, एक दिवस. त्याचे त्यांना चांगले पैसे मिळावेत, आणि फूल व कडा टिकण्यात त्यांचं पोट अडकलेलं असावं. शहरातून आलेला अभ्यासक चार वेळा येऊन जातो. डोंगराखाली राहणारा माणूस रोज वर बघतो, राखायचं काम त्याच्याच हातून होईल. सुट्टीत काही मुलांना मी शिकवायला लागले आहे. कातळ त्यांना माझ्यापेक्षा चांगला दिसतो, नावं तेवढी मी देते.

तेव्हा गणपती विसर्जन करून निघा. तुमच्याकडे चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, घरचा गणपती आणि जाखडीचा नाच सोडून याल असं मी म्हणणारच नाही. भाद्रपदाच्या शेवटी पाऊस ओसरतो, पठार रंगलेलं असतं आणि पायऱ्यांवर शेवाळ कमी असतं. बूट खडबडीत तळाचे आणा. उतरायला आमचंच घर आहे.

येण्याआधी तीन गोष्टी मात्र लिहून पाठवा. तुमच्याकडे वाटाड्याचा परवाना मिळण्याआधी काय काय शिकवतात? उद्यानाच्या आत एका वेळी किती माणसं न्यायची हे कोण ठरवतं? आणि दिवसाची रक्कम तुम्ही स्वतः ठरवता की कोणी ठरवून देतं? दिवाळीच्या सुट्टीत मुलं माझ्याकडे जमणार आहेत. त्याआधी उत्तर आलं तर त्यांना वाचून दाखवता येईल.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुमची
ताई